सगळ्यांकडे तीच गाडी, मग हाच का जिंकायचा? मार्क डोनह्यूची गोष्ट



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, माल तोच, होलसेलर तोच, भावही जवळपास तोच. मग गिऱ्हाईक समोरच्या दुकानातच का जातं?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग असतो, थोडी भीतीही असते, कारण दुकानाचं डिपॉझिट घरच्यांनी दिलेलं असतं.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी याचं उत्तर एका अमेरिकन रेसिंग ड्रायव्हरच्या गोष्टीतून द्यायचा प्रयत्न केला. पण व्हिडिओ मोठा झाला की तुम्ही पळवत बघता, म्हणून अर्धी गोष्ट कापावी लागली. ती इथे पूर्ण सांगतो. गाड्यांची आवड नसली तरी वाचा, कारण यात गाडीपेक्षा तयारीच जास्त आहे.

ड्रायव्हरचं नाव मार्क डोनह्यू. १९६८, १९६९ आणि १९७१ या तीन वर्षी अमेरिकेतल्या सेदान गाड्यांच्या सगळ्यात मोठ्या शर्यत-मालिकेवर त्याचं राज्य होतं. गंमत म्हणजे या मालिकेत गाड्या शोरूममध्ये मिळतात तशाच दिसणाऱ्या असायच्या. म्हणजे आपल्या भाषेत, माल तोच!

आधी हा खेळ समजून घ्या

अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, नावाची संस्था आहे. तिने १९६६ मध्ये ट्रान्स-अमेरिकन सेदान चॅम्पियनशिप सुरू केली. लोक तिला ट्रान्स-ॲम म्हणू लागले. या शर्यती गोल ओव्हल ट्रॅकवरच्या नव्हत्या. डावी-उजवी वळणं, चढ-उतार असलेल्या रोड कोर्सवर त्या व्हायच्या.

आपल्याकडे सेदान म्हटलं की चार दरवाजे आणि मागे डिकी असं डोळ्यांसमोर येतं. तिथे नियमाच्या दृष्टीने चार माणसं बसायची सोय असली की बास. म्हणून फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कॅमारो, अमेरिकन मोटर्सची जॅव्हलिन अशा दोन दरवाज्यांच्या गाड्याही सेदानच्या खात्यात बसल्या. मोठ्या गटात इंजिन ५ लिटरपर्यंतच चालायचं. आणि जी गाडी पळवायची ती कंपनीने सामान्य ग्राहकाला विकलेली असली पाहिजे, ही मुख्य अट.

या अटीमुळे कंपन्यांची धावपळ झाली. शेव्हरोलेने १९६७ साठी कॅमारोचं झेड/२८ नावाचं मॉडेल काढलं. त्याचं इंजिन ३०२ घन इंचाचं, म्हणजे ५ लिटरच्या जरासं आतलं. नियम समोर ठेवून शिवलेला कपडाच तो. पहिल्या वर्षी अशा फक्त ६०२ गाड्या विकल्या गेल्या. तरी कंपनीला चिंता नव्हती, कारण रविवारी शर्यत जिंका आणि सोमवारी शोरूममध्ये गाडी विका, असाच तेव्हा तिथला हिशोब होता.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्या काळात ट्रान्स-ॲमचं अधिकृत विजेतेपद ड्रायव्हरला मिळत नव्हतं, ते गाडीच्या कंपनीला मिळायचं. ड्रायव्हरसाठी वेगळं विजेतेपद १९७२ पासून सुरू झालं. म्हणजे डोनह्यू जिंकायचा आणि ट्रॉफीवर नाव लागायचं शेव्हरोलेचं.

इंजिनिअर पोरगा आणि डीलर मालक

डोनह्यूचा जन्म १९३७ चा, न्यू जर्सी राज्यातला. १९५९ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. कॉलेजात असतानाच त्याच्याकडे १९५७ ची कॉर्व्हेट होती, तिच्यावर हौशी शर्यती सुरू झाल्या. १९६१ मध्ये एल्व्हा कूरिअर नावाच्या छोट्या इंग्लिश गाडीत तो एससीसीएच्या एका गटाचा राष्ट्रीय विजेता झाला. १९६५ मध्ये एकाच वर्षी दोन गटांत विजेता, एकात मस्टँगवर आणि दुसऱ्यात लोटसच्या सिंगल-सीटरवर. हे सगळं इंजिनिअरची नोकरी करता करता. म्हणजे साइड बिझनेसच म्हणा ना.

वॉल्ट हॅन्सगेन नावाच्या अनुभवी ड्रायव्हरने त्याच्यातलं पाणी ओळखलं आणि १९६५ च्या सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत त्याला सोबत घेतलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६६ मध्ये, ल मॉन्सच्या चाचणीत झालेल्या अपघातात हॅन्सगेन गेला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी रॉजर पेन्स्के डोनह्यूशी बोलला आणि माझ्यासाठी गाडी चालव म्हणाला.

आता हा पेन्स्के कोण? स्वतः नावाजलेला ड्रायव्हर. पण १९६५ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याने हेल्मेट काढून ठेवलं आणि फिलाडेल्फियात शेव्हरोलेची डीलरशिप चालवायला घेतली. पुढे त्याने केवढा मोठा उद्योग उभा केला ते वेगळ्या व्हिडिओचं काम आहे. इथे एवढंच बघा, की एकाला गाडीचं गणित येत होतं आणि दुसऱ्याला धंद्याचं. पेन्स्केने स्पॉन्सर पकडला तो सनोको पेट्रोलवाल्या सन ऑइल कंपनीला, जिचं मुख्य ऑफिस त्याच्याच शहरात होतं. निळा रंग, त्यावर पिवळी अक्षरं. टीमच्या गाड्या, ट्रक, कपडे सगळं इतकं स्वच्छ असायचं की त्या काळच्या तेलकट पिट लेनमध्ये ते उठून दिसायचं. दुकानाची पाटी पुसायला कंटाळा येणाऱ्यांनी ही ओळ परत वाचावी.

आणि पेन्स्केसाठी पहिली शर्यत? वॉटकिन्स ग्लेन, जून १९६६. डोनह्यूने लोला गाडी ठोकली. गाडी जळून खाक. नवीन मालक, पहिलीच गाडी, पहिलीच शर्यत. माझ्याकडे एखाद्या मुलाने पहिल्याच दिवशी फ्रीज जिन्यावरून पाडला तर मी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावीन का, मला खात्री नाही. पेन्स्केने त्याला ठेवलं. पुढच्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, डोनह्यूने त्याला युनायटेड स्टेट्स रोड रेसिंग चॅम्पियनशिप जिंकून दिली.

कॅमारो: हरण्यापासून सुरुवात

१९६७ मध्ये पेन्स्केने ट्रान्स-ॲममध्ये कॅमारो उतरवली. सुरुवात वाईट झाली. मस्टँग आणि मर्क्युरी कूगर पुढे, कॅमारो मागे. ब्रेक टिकत नव्हते, गाडी वळणावर ड्रायव्हरचं ऐकत नव्हती. सीझन संपेपर्यंत तीन शर्यती जिंकल्या, पण विजेतेपद फोर्डकडेच गेलं.

इथे डोनह्यूने जे केलं त्यासाठी मी ही गोष्ट सांगतोय. बहुतेक ड्रायव्हर तेव्हा गाडी ट्रॅकवर नेऊन फिरवायचे आणि "मागून सुटतेय", "पुढून जड वाटतेय" असं मेकॅनिकला सांगायचे. डोनह्यूला "वाटतंय" या शब्दावर भरवसा नव्हता. त्याने स्किडपॅड वापरायला सुरुवात केली. स्किडपॅड म्हणजे सपाट मोकळ्या जागेत आखलेलं मोठं वर्तुळ. त्या वर्तुळावर गाडी जमेल तितक्या जोरात फिरवायची आणि एका फेरीचे सेकंद मोजायचे. वर्तुळाची त्रिज्या माहीत, वेळ माहीत, म्हणजे टायर किती पकड देतात त्याचा आकडा निघाला. मग एकच गोष्ट बदलायची. अँटी-रोल बार बदला, परत मोजा. टायरची हवा बदला, परत मोजा. कंटाळवाणं काम आहे हो! टाळ्या नाहीत, प्रेक्षक नाहीत. पण शर्यतीच्या दिवशी इतर टीम अंदाज बांधत असायच्या, तेव्हा याच्याकडे वही असायची.

"एकच गोष्ट बदलायची" यावर जरा थांबा. आपण दुकानात काय करतो? धंदा मंदावला की एकाच आठवड्यात डिस्काउंट लावतो, पाटी बदलतो, इन्स्टाग्रामवर जाहिरात टाकतो आणि काउंटरची दिशासुद्धा फिरवतो. महिन्याने विक्री वाढली तर कशामुळे वाढली ते सांगता येत नाही. कमी झाली तरी नाही.

१९६८ मध्ये निकाल दिसला. १३ शर्यतींपैकी १० डोनह्यूने जिंकल्या, त्यातल्या आठ सलग. १९६९ मध्ये फोर्डने नवी बॉस ३०२ मस्टँग काढून जोर लावला, तरी डोनह्यूने सहा आणि त्याचा जोडीदार रॉनी बकनमने दोन शर्यती घेतल्या. विजेतेपद परत शेव्हरोलेचं.

सेकंद कुठे लपलेले असतात

या शर्यती लांब असायच्या, मध्ये थांबून पेट्रोल भरावं लागायचं. ट्रॅकवर समोरच्यापेक्षा एका फेरीत अर्धा सेकंद कमावायला जीव टांगणीला लागतो. आणि पिटमध्ये गाडी उभी असताना दहा-दहा सेकंद नुसते वाहून जातात, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पेन्स्केच्या टीमचं गेलं.

पेट्रोल टाकीतून गाडीत उतरतं ते गुरुत्वाकर्षणाने. टाकी जेवढी उंच तेवढा दाब जास्त, तेवढं पेट्रोल लवकर उतरणार. गावच्या पाण्याच्या टाकीचं तत्त्व. म्हणून त्यांनी पेट्रोलची टाकी एका उंच मनोऱ्यावर चढवली. बाकीचे अजून भरतच असायचे आणि यांची कॅमारो निघून गेलेली असायची. मनोरा इतका उंच झाला की एससीसीएला शेवटी उंचीवर मर्यादा घालावी लागली.

दुसरं उदाहरण ब्रेकचं. लांब शर्यतीत ब्रेकचे पॅड झिजतात, मध्येच बदलावे लागतात. जुने पॅड काढले की कॅलिपरमधले पिस्टन बाहेर आलेले असतात, ते मागे ढकलल्याशिवाय नवे जाड पॅड बसत नाहीत. सगळं लालबुंद तापलेलं, मेकॅनिक पट्टी घालून रेटतोय, सेकंद जातायत. यांनी इंजिनचा व्हॅक्यूम ब्रेकच्या यंत्रणेला जोडला. व्हॅक्यूमने पिस्टन आपोआप आत ओढले जायचे, नवे पॅड पटकन बसायचे.

यात कुठेही डोनह्यू जास्त जोरात गाडी चालवत नाहीये, हे बघा. गाडी उभी असतानाचा वेळ तो कमी करतोय. दिवाळीच्या गर्दीत आपल्या काउंटरवर वेळ कुठे जातो ते एकदा मोबाइलवर टायमर लावून मोजा. मी मोजलं होतं. माल दाखवण्यात वेळ जातोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात बिल झाल्यावर पिशवी शोधण्यात, वॉरंटी कार्डावर शिक्का मारण्यात आणि सुट्ट्या पैशांसाठी शेजारच्या दुकानात पोरगा पळवण्यात जात होता. गिऱ्हाईक पैसे देऊन उभं आणि आपण शिक्का शोधतोय!

इथे मात्र मी त्याच्या बाजूने नाही

आता नको असलेली गोष्टही सांगतो, नाहीतर ही गोष्ट अर्धी खोटी होईल.

१९६७ ची ती कॅमारो हलकी करायला तिचा सांगाडा ॲसिडमध्ये बुडवून काढला होता. ॲसिडने पत्रा झिजतो, पातळ होतो, वजन उतरतं. बाहेरून गाडी तशीच दिसते. नियमात हे बसत नव्हतं. पुढच्या एका कॅमारोच्या छतावर त्यांनी काळं व्हिनाइल चढवलं, कारण ॲसिडने पातळ झालेला छताचा पत्रा सुरकुतलेला दिसत होता. मग इतर टीमनी विचारलं तर यांनी काय करावं? व्हिनाइलमुळे हवेत फायदा होतो अशी हवा उडवून दिली. हसू येतं खरं. डोनह्यूने १९७५ मध्ये पॉल व्हॅन व्हॅल्कनबर्गबरोबर 'द अनफेअर ॲडव्हान्टेज' हे पुस्तक लिहिलं, त्यात त्याने एकेका गाडीवर एकेक प्रकरण केलंय आणि या भानगडी लपवलेल्या नाहीत. स्वतःच्या चुकाही तितक्याच मोकळेपणाने लिहिल्यात.

पण बॅचमध्ये ही गोष्ट सांगितली की दोन-तीन जण लगेच खूश होतात. "म्हणजे सर, थोडंफार चालतं!" नाही, चालत नाही. पेट्रोलचा मनोरा आणि ॲसिडचा पत्रा यात फरक आहे. मनोरा सगळ्यांना दिसत होता, तेव्हाच्या नियमात बसत होता, कुणीही तसा बांधू शकला असता. पत्रा लपवावा लागत होता. तुमच्या काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का असतो, तो गिऱ्हाइकाने बघितला तर तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे. जी युक्ती गिऱ्हाइकासमोर करता येत नाही, ती धंद्यात धरू नका. ट्रान्स-ॲममध्ये पुढची शर्यत दोन आठवड्यांनी असायची. आपल्या गल्लीत गिऱ्हाईक एकदा गेलं की पुढची शर्यत नसते.

आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की डोनह्यूला त्याची गरज पडत नव्हती, हे पुढच्या वर्षांनी दाखवून दिलं.

कुणाला नको असलेली गाडी

१९७० मध्ये पेन्स्केने सगळ्यांना धक्का दिला. जिंकणारी कॅमारो सोडली आणि अमेरिकन मोटर्सबरोबर करार केला. अमेरिकन मोटर्स म्हणजे फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर या तीन थोरल्यांच्या सावलीतली लहान कंपनी. त्यांची ओळख काटकसरी कुटुंबाच्या गाड्यांची. जॅव्हलिन तोपर्यंत ट्रान्स-ॲममध्ये एकही शर्यत जिंकलेली नव्हती.

धंद्याच्या नजरेतून बघा. जनरल मोटर्स अधिकृतपणे शर्यतीत नव्हतीच. त्यांची मदत व्हायची ती मागच्या दाराने. अमेरिकन मोटर्सला मात्र पुढच्या दाराने नाव हवं होतं. लहान कंपनीला जिंकायची गरज जास्त असते, म्हणून ती किंमतही मोजते.

पहिलं वर्ष जड गेलं. इंजिनला वळणावर तेल पुरायचं नाही. टाकीतलं तेल एका बाजूला जायचं आणि इंजिन कोरडं पडून बसायचं. परत तेच, मोजा, बदला, मोजा. १९७० मध्ये डोनह्यूने ब्रिजहॅम्प्टन, रोड अमेरिका आणि कॅनडातलं माँ-ट्रँब्लाँ अशा तीन शर्यती काढल्या. पार्नेली जोन्सच्या मस्टँगमुळे विजेतेपद फोर्डकडे गेलं, जॅव्हलिन दुसरी.

त्याच वर्षी अमेरिकन मोटर्सने 'मार्क डोनह्यू जॅव्हलिन' नावाने गाडी विकायला काढली. डोनह्यूने आखलेला मागचा स्पॉयलर आणि त्यावर त्याची सही. स्पॉयलर शर्यतीत वापरायचा तर नियमाप्रमाणे ठरावीक संख्येने तो शोरूमच्या गाड्यांवर विकावा लागणार होता. मग त्यावर सही टाकून त्याचाच माल केला. सक्तीच्या खर्चातून विकायची वस्तू काढणं म्हणजे काय, ते इथे शिका. आणि ट्रॉफीवर नाव न लागणाऱ्या ड्रायव्हरचं नाव शेवटी गाडीच्या मागे लागलं.

१९७१ मध्ये जॅव्हलिनने विजेतेपद घेतलं. डोनह्यूने सात शर्यती जिंकल्या. खरं सांगायचं तर फोर्डने त्या वर्षी कारखान्याची टीम काढून घेतली होती, त्यामुळे स्पर्धा आधीसारखी राहिली नव्हती. पण स्पर्धक दमून बाजारातून निघून जातो तेव्हा दुकान उघडं असणाऱ्यालाच गिऱ्हाईक मिळतं.

त्याच वर्षी त्याने फॉर्म्युला वनची पहिलीच शर्यत कॅनडात चालवली आणि तिसरा आला. १९७२ मध्ये इंडियानापोलिस ५०० जिंकली. सरासरी वेग ताशी १६२.९६२ मैल, म्हणजे २६२ किलोमीटर. पेन्स्केचा तिथला पहिला विजय. ५०० मैलांच्या, २०० फेऱ्यांच्या त्या शर्यतीत डोनह्यू शेवटच्या फक्त १३ फेऱ्या आघाडीवर होता. त्याचाच जोडीदार गॅरी बेटनहाउझन बहुतेक शर्यतभर पुढे होता, त्याची गाडी बिघडली. डोनह्यूने गाडी मुद्दाम जपून, टिकेल अशी बांधली होती.

मालक दवाखान्यात, दुकान चालू

१९७२ मध्येच पेन्स्के आणि पोर्शे एकत्र आले, कॅन-ॲम मालिकेसाठी. ९१७ गाडीच्या इंजिनला टर्बो लावलेला. ताकद प्रचंड, पण पेडल दाबलं की आधी काहीच नाही, मग अचानक सगळी ताकद एकदम. वळणातून बाहेर पडताना हे जीवघेणं. जर्मनीतल्या कारखान्यात टेस्ट-बेंचवर इंजिन छान आकडे देत होतं. डोनह्यूने विचारलं, हे आकडे वरच्या आरपीएमचे आहेत, खालचे कुठे आहेत? ट्रॅकवर वळणातून निघताना इंजिन खालच्या आरपीएमला असतं, आणि तिथलं मोजमाप कुणी नीट बघितलंच नव्हतं. खाली मोजल्यावर दुखणं सापडलं, मग त्यावर इलाज सुरू झाला.

हे सगळं मार्गी लागत असताना जुलैमध्ये रोड अटलांटा ट्रॅकवर चाचणी घेताना गाडीच्या मागच्या भागाचं आवरण उडालं. गाडी उलटत गेली, पुढचा भागच राहिला नाही. डोनह्यूचा पाय जबर दुखावला. सीझनची दुसरीच शर्यत तोंडावर.

पेन्स्केने जॉर्ज फॉल्मरला बोलावलं. फॉल्मरला त्या गाडीचा अनुभव नव्हता. तरी रोड अटलांटाची ती शर्यत त्याने जिंकली, आणि १९७२ ची कॅन-ॲम चॅम्पियनशिपही. कुबड्या घेतलेला डोनह्यू पिटमध्ये उभा राहून त्याला मदत करत होता.

हे शक्य झालं, कारण गाडीचं ज्ञान डोनह्यूच्या हातात नव्हतं, कागदावर होतं. कुठल्या ट्रॅकला कुठली स्प्रिंग, पंख किती तिरका, सगळं लिहिलेलं.

मी हा भाग वाचला तेव्हा मला माझा टायफॉइड आठवला. सतरा दिवस घरी होतो. दुकानात भाऊ. कुठल्या मिक्सरवर किती सोडायचं, कुठल्या इलेक्ट्रिशियनला किती उधारी, कुठला पार्टीवाला चेक वेळेवर देतो, सगळं माझ्या डोक्यात. भाऊ दर दहा मिनिटांनी फोन करायचा, मी तापात काहीतरी आकडा सांगायचो. बरा होऊन गेलो तर दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली होती आणि एका इलेक्ट्रिशियनची उधारी दोन वेळा वसूल झाली होती, तो अजून बोलत नाही. त्यात भावाची चूक काही नव्हती. त्यानंतर मी भावांची आणि उधारीची वही केली. साधी दोनशे पानी. आज बॅचला यायला सुट्टी घेतो ती त्या वहीच्या जिवावर.

आणि डोनह्यूला वाईट वाटलं नसेल का? आपण घडवलेल्या गाडीवर दुसरा माणूस चॅम्पियन झालेला बघणं सोपं नाही. त्याने स्वतः कबूल केलंय की ते त्याला फार लागलं. तरी वही त्याने बंद केली नाही.

मग १९७३. सुधारलेली ९१७/३०, हजारावर हॉर्सपॉवर. आठ शर्यतींपैकी शेवटच्या सलग सहा त्याने जिंकल्या आणि कॅन-ॲमचा चॅम्पियन झाला.

सगळ्यांना खरंच तीच गाडी दिली तर?

काही लोक म्हणायचे, याची गाडीच भारी असते, म्हणून जिंकतो. त्याचं उत्तर १९७३-७४ च्या हिवाळ्यात मिळालं. इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स नावाची नवी मालिका सुरू झाली. वेगवेगळ्या प्रकारच्या शर्यतींमधले नामवंत ड्रायव्हर, आणि सगळ्यांना एकसारख्या पोर्शे कॅरेरा. स्वतःची सेटिंग नाही, मनोरा नाही, व्हॅक्यूम नाही. चार शर्यतींपैकी तीन डोनह्यूने जिंकल्या, चौथी त्याच फॉल्मरने.

याचा अर्थ मी असा लावतो. बारा-तेरा वर्षं गाडी मोजत राहिलेल्या माणसाला गाडी काय सांगतेय ते इतरांच्या आधी कळत होतं. वही बाजूला काढून घेतली तरी वही लिहिण्याची सवय अंगात राहिली होती.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ती मालिका जिंकून तो निवृत्त झाला आणि पेन्स्केच्या टीमचं व्यवस्थापन बघू लागला. वय ३६. पण त्याच वर्षी पेन्स्केने स्वतःची फॉर्म्युला वन गाडी बनवली आणि सप्टेंबरमध्ये डोनह्यू परत ड्रायव्हरच्या सीटवर बसला. १९७५ चा सीझन खडतर गेला. पेन्स्केची गाडी चालेना, मध्येच मार्च कंपनीची गाडी घ्यावी लागली. दोन वेळा पाचवा आला, बाकी हाती फारसं काही नाही.

९ ऑगस्ट १९७५ रोजी टालाडेगाच्या ट्रॅकवर त्याने जुन्या ९१७/३० ने बंद ट्रॅकवरच्या वेगाचा विक्रम केला. ताशी २२१.१२० मैल, म्हणजे सुमारे ३५६ किलोमीटर. आठ दिवसांनी, १७ ऑगस्टला, ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सकाळच्या सरावात त्याच्या गाडीचा टायर फुटला. गाडी कठड्यापलीकडे गेली. एका मार्शलचा त्यात जीव गेला. डोनह्यू शुद्धीवर होता, बोलत होता. नंतर डोकं दुखायला लागलं, मेंदूत रक्तस्राव झालेला. १९ ऑगस्टला ग्राझच्या हॉस्पिटलात तो गेला. वय ३८. पुस्तक त्याच वर्षी बाहेर आलं होतं.

बरोबर एक वर्षाने, ऑगस्ट १९७६ मध्ये, त्याच ऑस्ट्रियाच्या ट्रॅकवर जॉन वॉटसनने पेन्स्केच्या गाडीतून शर्यत जिंकली. पेन्स्केने बनवलेल्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला तो एकमेव विजय. जिंकलो तर दाढी काढीन अशी वॉटसनची पेन्स्केशी पैज होती, त्याने काढली. आणि २००९ मध्ये डोनह्यूचा मुलगा डेव्हिड डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या टीममध्ये होता. वडिलांनी तीच शर्यत १९६९ मध्ये पेन्स्केच्या लोलामधून जिंकली होती.

पुढच्या व्हिडिओत पेन्स्केच्या डीलरशिपबद्दल बोलू. आणि ज्यांनी काउंटरवरचा वेळ मोजलाय त्यांनी आकडे घेऊनच बॅचला या, अंदाज नकोत.